अनमोड चढताना तापणारा दहाचाकी ट्रक: एका कूलिंग बिघाडाचा पूर्ण तपास

ट्रक दहाचाकी, एकूण वजन २८ टन. बीएस-४ या प्रदूषण-नियमांच्या काळातलं सहा सिलिंडरचं टर्बो-इंटरकूलर डिझेल इंजिन, लायनर (पिस्टन ज्यात खालीवर होतो ती नळी) ओले, म्हणजे लायनरच्या बाहेरच्या अंगाला थेट कूलंट (इंजिन गार ठेवणारा द्रव) लागतं. सगळ्या सिस्टिममध्ये मिळून २६ लिटर मावतं. काम ठरलेलं: आमोण्याला पिग आयर्न (कच्चं बीड) भरायचं, उसगाव-तिस्क, धारबांदोडा, मोले करत अनमोड घाट चढायचा आणि लोंढा-खानापूरमार्गे बेळगावच्या फाउंड्रींना माल उतरवायचा. येताना मिळेल तो माल, नाहीतर रिकामी फेरी. या मार्गावरच्या गाड्यांत जे बिघाड एकात एक अडकून येतात, ते दाखवण्यासाठी हे प्रकरण प्रातिनिधिक म्हणून मांडलं आहे.

तक्रार आणि तोवर झालेली कामं

फेब्रुवारीच्या अखेरीपासून मोल्याचा नाका ओलांडून चढ लागला, की पंधरा-वीस मिनिटांत काटा लाल पट्टीकडे सरकायचा. सपाटीवर काहीच त्रास नाही. उलट रिकाम्या परतीच्या फेरीत इंजिन नीट तापतच नसे, काटा खालच्या चौथाईत पडून राही. दर फेरीला तीन-चार लिटर पाणी ओतावं लागे. हेडर टँकचं (पाणी भरायच्या वरच्या टाकीचं) झाकण काढून इंजिन चालू ठेवलं तर बुडबुडे येत. आणि सगळ्यांना चकवणारी गोष्ट अशी, की पहाटे चारला निघालेली गाडी तेवढाच माल घेऊन निमूट घाट चढायची.

त्याआधी तीन ठिकाणी हात लागले होते. एका मेस्त्रीने थर्मोस्टॅट (तापमानानुसार रेडिएटरची वाट उघडणारी झडप) काढून टाकला, कारण 'गोव्यात थंडी नाही, मग लागतो कशाला'. दुसऱ्याने रेडिएटर जागेवर ठेवूनच आतून रसायनाने धुतला आणि बाहेरून, समोरच्या जाळीतून, प्रेशर वॉशर मारला. तिसऱ्याने बुडबुडे बघून हेड गॅस्केट (इंजिनाचं वरचं हेड आणि ब्लॉक यांमधलं सील) गेल्याचं सांगितलं आणि हेड उतरवण्याचा अंदाज दिला. मालकाने तो खर्च करण्याआधी मोजमाप करायचं ठरवलं, तिथून पुढचा तपास.

तपास सुरू होण्याआधीच्या शेवटच्या फेरीत एक प्रकार घडला, तो आधी सांगायला हवा. घाटात काटा लाल पट्टीत गेला आणि मग अचानक झरझर खाली आला. चालकाला वाटलं, इंजिन निवलं. खरं तर पाणी इतकं गेलं होतं, की तापमानाचा सेन्सर उघडा पडला. तो पाण्यात बुडालेला असतो तेव्हाच खरं बोलतो. भोवती वाफ किंवा हवा आली, की धातू जळत असतानाही काटा खाली येऊ शकतो. गाडी ओढेना आणि केबिनमध्ये तापलेल्या रबराचा वास आला म्हणून चालक थांबला. चढावर, मालासकट, काटा एकदम पडणं ही धोक्याची घंटा समजावी. त्या क्षणी गाडी बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद करायचं.

इथे एक भेद चालकांना पाठ असायला हवा. इंजिन तापलंय पण पाणी शाबूत आहे, तर ते बंद करू नये. गियर काढून हजार आरपीएमच्या आसपास तीन ते पाच मिनिटं चालू ठेवावं, म्हणजे पंप आणि पंखा उष्णता बाहेर काढत राहतात आणि टर्बोलाही तेल मिळतं. पाणीच गेलं असेल तर मात्र चालू ठेवण्यात अर्थ नाही, फिरवायला काही उरलेलंच नसतं. दोन्ही वेळी झाकणाला हात लावायचा नाही. वरचा होस पाइप हाताने आरामात धरता येईल इतका निवला, की जाड फडकं घेऊन झाकण आधी पहिल्या खाचेपर्यंत, दाब सुटू दिल्यावर पूर्ण. तापलेल्या इंजिनात थंड पाण्याची बादली ओतली तर हेडला तडा जाऊ शकतो.

मोजायचं काय

डॅशबोर्डवरचा काटा चालकाला दचकवू नये म्हणून मुद्दाम सुस्त ठेवलेला असतो. कितीतरी गाड्यांत ७५ पासून ९८ अंशांपर्यंत तो मधोमधच दिसतो. म्हणून या तपासात तीन आकडे घेतले. पहिला, स्कॅनर लावून ईसीयूला (इंजिनाच्या संगणकाला) दिसणारं कूलंटचं तापमान. ट्रकमधल्या संदेशांच्या जे१९३९ या मानकात त्याचा क्रमांक एसपीएन ११०. दुसरा, रेडिएटरच्या वरच्या आणि खालच्या पाइपचं तापमान. त्यासाठी दोन के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारा) पाइपच्या धातूच्या मानेवर टेपने घट्ट बसवून वर फोमचा तुकडा गुंडाळला आणि वायर केबिनमध्ये आणली. पिस्तुलासारखं इन्फ्रारेड थर्मामीटर स्वस्त आणि सोयीचं, पण गाडी थांबवून बॉनेट उचलेपर्यंत आकडे बदललेले असतात, आणि चकचकीत अॅल्युमिनियमवर ते चुकीचं वाचन देतं. वापरायचंच तर तिथे काळी टेप चिकटवून तिच्यावर रोखावं. तिसरा आकडा बाहेरच्या हवेचा.

हा तिसरा आकडा कोणी लिहून ठेवत नाही, आणि गाडी पहाटे शहाणी नि दुपारी वेडी का, याचं उत्तर त्यातच आहे. पूर्ण भार, थर्मोस्टॅट पूर्ण उघडा आणि पंखा पूर्ण लागलेला असेल, तर कूलंट बाहेरच्या हवेपेक्षा जितके अंश वर राहतं तो फरक जवळपास कायम असतो. बाहेर २४ असताना इंजिन ९६ ला टेकलं, म्हणजे फरक ७२. तोच चढ, तोच माल, पण बाहेर ३५. मग इंजिन १०७ ला जाणार. म्हणजे बिघाड पहाटेही होताच, थंड हवेच्या आड लपलेला. इंजिन ९५ अंशांच्या खाली असेल तर मात्र हा हिशोब लावू नये, कारण तिथे थर्मोस्टॅट अर्धवट मिटून तापमान स्वतः सांभाळत असतो.

वरच्या आणि खालच्या पाइपमधला फरक वेगळी गोष्ट सांगतो. इंजिनाने जेवढी उष्णता पाण्यात टाकली तेवढी रेडिएटरला बाहेर टाकावीच लागते. तेव्हा पाणी किती वेगाने फिरतंय यावर हा फरक ठरतो. या आकाराच्या इंजिनाला पूर्ण भारावर तो ५ ते ८ अंश असावा. १२-१५ झाला तर रेडिएटरमधून पाणी कमी जातंय: पंप, थर्मोस्टॅट, आत बुजलेल्या नळ्या, किंवा आत ओढला जाऊन चपटा झालेला खालचा पाइप. फरक ठीक आहे पण दोन्ही आकडे वर चढलेत, तर पाण्याचा प्रवाह बरा आहे, हवेच्या बाजूला अडलंय किंवा नळ्यांना आतून थर बसलाय.

पहिल्या मोजणीच्या फेरीत, दुपारी, बाहेर ३४ अंश. धारबांदोड्याच्या सपाटीवर कूलंट ८४. घाटात तिसऱ्या गियरमध्ये १६००च्या आसपास आरपीएम आणि ताशी पंधरा-सोळा किलोमीटर वेग. आकडा १०७ ला पोचला तरी स्थिरावेना, तिथे गाडी थांबवली. वरचा आणि खालचा पाइप यांत १२ अंशांचा फरक. म्हणजे पाण्याची बाजूही बिघडलेली आणि तापमान इतकं वर गेलेलं बघता हवेची बाजूही संशयास्पद. दोन्हीकडे दोष असेल तेव्हा पाण्याची बाजू आधी दुरुस्त करावी, नाहीतर हवेच्या बाजूचे आकडे वाचताच येत नाहीत.

बुडबुडे कुठून आले

हेड उतरवण्याआधी दोन चाचण्या करायच्याच, एरवी फुकटचं इंजिन उघडलं जातं. पहिली निळ्या द्रवाची: हेडर टँकच्या तोंडावर काचेची नळी लावून टँकमधली हवा त्या द्रवातून ओढतात, जळालेला वायू असेल तर त्यातल्या कार्बन डायॉक्साइडमुळे निळा रंग हिरवट किंवा पिवळा पडतो. टँकमधलं पाणी आधी थोडं कमी करून घ्यावं, नाहीतर पाणीच नळीत ओढलं जाऊन चाचणी फसते. इथे रंग निळाच राहिला.

दुसरी चाचणी एअर ब्रेकच्या कंप्रेसरची, आणि ती बहुतेक ठिकाणी राहून जाते. या कंप्रेसरचं हेड इंजिनाच्याच कूलंटने गार होतं. त्याचं गॅस्केट गेलं, की ब्रेकसाठी दाबलेली हवा थेट पाण्यात शिरते. ओळखायची पद्धत साधी. ब्रेक दाबून दाबून एअर टाकी रिकामी करायची, इंजिन चालू करून टँकमध्ये बघत राहायचं. कंप्रेसर हवा भरत असताना बुडबुडे, आणि दाब आठ बारच्या आसपास पोचून अनलोडर (टाकी भरली की हवा भरणं थांबवणारी झडप) सुटला, की बुडबुडे बंद. पुन्हा ब्रेक दाबून टाकी उतरवली, की पुन्हा सुरू. या गाडीत अगदी असंच घडलं. हेड शाबूत, दोष कंप्रेसरच्या गॅस्केटचा.

पाणी कुठे जात होतं तेही इथेच कळलं. बाहेरून आलेली हवा सिस्टिममधला दाब वाढवायची, झाकण उघडायचं आणि पाणी ओव्हरफ्लोच्या नळीतून रस्त्यावर. त्यात झाकणही कमकुवत. हातपंपाच्या टेस्टरवर ते ०.७ बारऐवजी ०.३ बारलाच सुटत होतं. ०.७ बार दाबाखाली साधं पाणी ११५ अंशांपर्यंत उकळत नाही, ०.३ बारला १०७ च्या आसपास उकळतं. या गाडीत साधंच पाणी होतं आणि घाटात तापमान १०७. म्हणजे ती अक्षरशः उकळत चढत होती. झाकण ही सगळ्यांत स्वस्त वस्तू आणि सगळ्यांत उशिरा बदलली जाणारी.

कंप्रेसरचं हेड उतरवून त्याचा टेकणारा पृष्ठभाग तपासला, गॅस्केट बदललं. मग सगळी सिस्टिम थंड असताना ०.७ बारला दाबून पंधरा मिनिटं ठेवली. काटा हलला नाही. पंपाखालचं छोटं गळतीचं छिद्र, होसच्या क्लिप, डिपस्टिकवरचं तेल दुधाळ आहे का, हे सगळं त्या वेळात पाहून घेतलं. इंजिनाला ईजीआर कूलर (परत इंजिनात घेतलेला धूर गार करणारा भाग) असेल तर पाणी कमी होणं, बाहेर गळती नसणं आणि पांढरा धूर ही तिन्ही लक्षणं त्याच्याकडे बोट दाखवतात. इथे ती नव्हती.

काढून टाकलेला थर्मोस्टॅट

थर्मोस्टॅट काढला की पाणी जास्त फिरेल आणि इंजिन गार राहील, हा समज गॅरेजांमधून जात नाही. या इंजिनात थर्मोस्टॅटला दोन कामं आहेत. उघडताना तो रेडिएटरची वाट मोकळी करतो, आणि त्याच हालचालीत खालच्या चकतीने बायपासची वाट बंद करतो. तो काढला, की बायपास कायमचा उघडा. पंपाने ढकललेल्या पाण्याचा मोठा हिस्सा रेडिएटरला न जाता सोप्या वाटेने परत इंजिनात येतो. हलक्या भारावर उरलेला हिस्साही पुरेसा असतो, म्हणून रिकामी गाडी ६०-६५ अंशांवर चालते, जास्त डिझेल खाते आणि लायनर-रिंगा लवकर झिजवते. घाटात तोच हिस्सा अपुरा पडतो. 'सपाटीवर थंड, चढावर गरम' अशी गाडी आली तर पहिला प्रश्न थर्मोस्टॅट आहे का, हाच विचारावा. पाइपांमधल्या १२ अंशांचं मूळ इथेच होतं.

नवा बसवण्याआधी तपासायचा तो असा: पातेल्यात पाणी, त्यात थर्मामीटर, आणि थर्मोस्टॅट तळाला न टेकवता दोऱ्याने टांगलेला. या इंजिनाचा ८२ ला उघडायला लागतो आणि ९५ ला पूर्ण उघडतो. आकडा थर्मोस्टॅटवर कोरलेला असतो. ७१ चा लावून 'गोव्यासाठी बरा' म्हणणं चुकीचं, कारण पूर्ण उघडल्यावर दोन्ही सारखेच. हवा सुटण्याची छोटी पिन वरच्या बाजूला यावी.

पाणी

सिस्टिममधून निघालेलं पाणी विटकरी रंगाचं आणि तळाला बारीक चिखल. इथे गोव्याच्या पाण्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. देशावर विहिरीचं पाणी जड असतं आणि आत पांढरा थर बसतो. आपल्या जांभ्याच्या जमिनीतलं पाणी बहुधा मऊ, पण आम्लाकडे झुकणारं आणि लोहाचं. ते पांढरा थर देत नाही, गंज देतो. सुटलेला गंज नळ्यांच्या तोंडाशी साचतो. किनाऱ्याकडच्या आणि मांडवी-जुवारीच्या काठच्या विहिरींत एप्रिल-मे महिन्यांत खारं पाणी शिरतं. त्यातलं क्लोराइड अॅल्युमिनियमला आणि सोल्डरला खातं. अवजड डिझेल इंजिनांसाठी पाण्याच्या ज्या मर्यादा सर्रास धरल्या जातात त्या अशा: क्लोराइड लिटरमागे ४० मिलिग्रॅम, सल्फेट १००, एकूण कठीणपणा १७०, विरघळलेले क्षार ३४०, पीएच ५.५ ते ९. चव न जाणवणारं पाणीही क्लोराइडची मर्यादा ओलांडलेलं असू शकतं. आरओचं शुद्ध केलेलं किंवा बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी वापरावं. आरओतून बाजूला निघणारं वाया पाणी चुकूनही नको, त्यात सगळे क्षार गोळा झालेले असतात.

थराची किंमत किती, तर बिडातून उष्णता जितकी सहज जाते त्याच्या विसाव्या हिश्शानेही ती चुन्याच्या किंवा गंजाच्या थरातून जात नाही. एक मिलिमीटर थर म्हणजे सिलिंडरभोवती दोन-तीन सेंटिमीटर जादा बीड.

कूलंट म्हणजे थंड प्रदेशातली गोठू न देणारी वस्तू, म्हणून इथे नको, असं म्हणणाऱ्यांनी ओल्या लायनरचं इंजिन एकदा उघडं पाहावं. डिझेलचा दणका बसला की लायनर थरथरतो. बाहेरच्या अंगाला लागलेल्या पाण्यात क्षणभर वाफेचे सूक्ष्म बुडबुडे तयार होतात आणि फुटतात. प्रत्येक फुटण्याबरोबर धातूचा कण निघतो. पिस्टन ज्या बाजूला रेटला जातो त्या बाजूला टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात आणि एक दिवस आरपार जाऊन कूलंट तेलात उतरतं. अवजड डिझेलच्या कूलंटमधली रसायनं लायनरवर पातळ थर धरतात आणि ते खड्डे रोखतात. साध्या पाण्यात हे संरक्षण शून्य. शिवाय निम्मं ग्लायकोल (कूलंटमधला मुख्य द्रव) असलेलं मिश्रण साध्या पाण्यापेक्षा सात-आठ अंश उशिरा उकळतं. ग्लायकोल पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहतं, हे खरं. म्हणूनच ६० टक्क्यांच्या वर जायचं नाही.

धुण्याची पद्धत अशी ठेवली. रेडिएटरचा आणि इंजिन ब्लॉकचा, दोन्ही ड्रेन प्लग उघडून पाणी काढलं. नुसता रेडिएटर उघडला तर बरंचसं जुनं पाणी ब्लॉकमध्येच राहतं. क्लीनर घातलेलं स्वच्छ पाणी भरून इंजिन ८५ च्या वर नेऊन अर्धा तास चालवलं, निवल्यावर काढलं. मग साध्या शुद्ध पाण्याने, निघणारं पाणी नितळ दिसेपर्यंत, तीनदा. शेवटचं धुण्याचं पाणी थोडंफार आत राहतंच, म्हणून तयार मिश्रण न वापरता आधी १३ लिटर दाट कूलंट ओतलं आणि वर आरओचं पाणी भरलं. ओतायचं सावकाश, हवेची कळ उघडी ठेवून. २६ लिटरच्या सिस्टिममध्ये २२ लिटरलाच टँक भरली तर आत हवा अडकली आहे किंवा जुनं पाणी राहिलं आहे. थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालवून, निवल्यावर पुन्हा पातळी बघितली आणि रिफ्रॅक्टोमीटरने (मिश्रणाचं प्रमाण दाखवणाऱ्या उपकरणाने) ग्लायकोल तपासलं: ४८ टक्के. कूलंट कंपनीने सांगितलेल्या प्रकाराचं, आयएस ५७५९ चं. हिरवं आणि लाल एकत्र करू नये. रंगावरून प्रकार ठरवूही नये, कारण रंगाला काही नियम नाही.

कंप्रेसर, झाकण, थर्मोस्टॅट आणि कूलंट झाल्यावर पुन्हा घाट. बाहेर ३५, कूलंट १०३ ला स्थिरावलं. पाइपांमधला फरक ६. पाण्याची बाजू सुटली. पण हवेपेक्षा ६८ अंश वर, म्हणजे दुसरी बाजू बाकी.

दोन जाळ्यांमधली फट

समोरून रेडिएटर स्वच्छ दिसत होता. दिसत होता तो खरं तर इंटरकूलर, म्हणजे टर्बोने दाबलेली हवा गार करणारी जाळी. त्याच्या मागे बोट जाईल न जाईल एवढी फट आणि मग रेडिएटर. इंटरकूलरचे बोल्ट काढून तो दहा सेंटिमीटर पुढे सरकवला, तेव्हा रेडिएटरच्या खालच्या निम्म्या भागावर नमद्यासारखा घट्ट थर निघाला: खनिज रस्त्यांची तांबडी धूळ, पावसात उडून वाळलेला चिखल, मोल्याच्या जंगलपट्ट्यात मार्च-एप्रिलमध्ये उडणारा सावरीचा कापूस, आणि या सगळ्याला धरून ठेवणारा तेलाचा ओशटपणा. समोरून मारलेल्या प्रेशर वॉशरने इंटरकूलर धुतला गेला आणि त्यातली घाण मागे ढकलून या थराला आणखी ठासलं.

साफ करताना पाणी इंजिनाकडून बाहेरच्या दिशेने, म्हणजे हवा येते त्याच्या उलट. आधी हलक्या दाबाने भिजवून अॅल्युमिनियमला चालणारा डिग्रीझर दहा-पंधरा मिनिटं मुरू दिला. कॉस्टिक सोडा वापरू नये, तो अॅल्युमिनियम खातो. प्रेशर वॉशर लागलाच तर हातभर अंतरावरून आणि अगदी सरळ धरून. तिरका धरला तर पंख वाकतात आणि हवेची वाट कायमची बंद होते. मागे बल्ब धरून पुढून बघावं, सगळीकडून सारखा उजेड दिसेपर्यंत काम झालेलं नसतं. बाजूच्या फोमच्या पट्ट्या तुटलेल्या होत्या, त्या नव्या लावल्या. त्या नसल्या की पंखा समोरची ताजी हवा ओढण्याऐवजी कडेने इंजिनाकडची गरम हवाच पुन्हा ओढतो.

या कामानंतर बाहेर ३४ असताना ९८. फरक ६४. चार अंशांचा फायदा झाला, पण पंख्याचा आवाज अजून वाढत नव्हता.

पंखा

पंधराच्या वेगाने चढणाऱ्या गाडीला समोरून वारा मिळत नाही, सगळी हवा पंखाच ओढतो. पंखा इंजिनाच्या फिरण्याशी जोडणाऱ्या व्हिस्कस क्लचमध्ये सिलिकॉन तेल असतं. पुढची द्विधातू पट्टी रेडिएटरमधून आलेल्या हवेने तापली, की झडप उघडते, तेल कामाच्या कप्प्यात येतं आणि पंखा धरला जातो. ट्रक चालवणाऱ्याला तो क्षण ऐकू येतो, विमानासारखी गर्जना येते. ती न येणं हाच पुरावा असतो. या क्लचच्या मध्यावरून बाहेरच्या कडेकडे गेलेले ओशट धुळीचे पट्टे दिसत होते, म्हणजे सिलिकॉन गळत होतं.

खात्री टॅकोमीटरने (फेरे मोजायच्या यंत्राने) केली. पंख्याच्या पात्याला चमकणारी टेप, इंजिन बंद असतानाच लावलेली. मग जाळीसमोर पुठ्ठा धरून इंजिन १६०० वर ठेवलं आणि कूलंट ९६ पर्यंत चढू दिलं. या गाडीत पंख्याची पुली इंजिनाच्याच वेगाने फिरते, तेव्हा क्लच धरल्यावर पंखा १४०० च्या वर असायला हवा होता. मिळाले १०५०. हवा वेगाच्या प्रमाणात जाते, म्हणजे पाव हिस्सा हवा गायब. क्लच बदलला. तो ठेवताना उभाच ठेवावा, आडवा ठेवला तर सिलिकॉन बाहेर येतं. पट्ट्याचा ताण पाहिला, आणि पंख्याचं पातं श्राउडमध्ये (पंख्याभोवतीच्या कवचात) साधारण निम्मं आत आहे ना, हेही.

शेवटची फेरी दुपारी, बाहेर ३३. कूलंट ९२ ते ९५ च्या दरम्यान, आणि चढावर पंखा लागायचा, सुटायचा, पुन्हा लागायचा. फरकाचा हिशोब इथे थांबतो, कारण थर्मोस्टॅट आता पूर्ण उघडायची वेळच येत नाही. पंखा मधेमधे सुटतो याचा अर्थ सिस्टिमकडे ताकद शिल्लक आहे.

चालवण्याचाही यात भाग आहे. वरच्या गियरमध्ये ११०० वर रेटत चढणाऱ्या गाडीचा पंप आणि पंखाही सावकाश फिरतात आणि भार तेवढाच. एक गियर खाली घेऊन १५००-१७०० वर चढलं तर तापमान दोन-तीन अंशांनी उतरतं.

पुढे काय ठेवलं

केबिनमध्ये एक वही. प्रत्येक भरलेल्या फेरीत दूधसागर मंदिराच्या अलीकडच्या ठरलेल्या वळणावर वेळ, बाहेरचं तापमान, कूलंटचं तापमान आणि पंखा लागला होता का, एवढंच. पाणी घातलं तर किती, तेही. त्यासाठी आकडे दाखवणारं छोटं डिजिटल मीटर लावलं, डॅशबोर्डच्या काट्यावर भिस्त नाही. सारख्या मालाला आणि सारख्या हवेला लागोपाठ दोन फेऱ्यांत पाच अंश वाढ दिसली, की गाडी तपासायला घ्यायची, लाल पट्टीची वाट बघायची नाही. महिन्यात अर्ध्या लिटरहून जास्त कूलंट घालावं लागलं तर दाबाची चाचणी. वरून घालायचं ते मिश्रणच, पाच लिटरचा कॅन गाडीतच.

इंटरकूलर पुढे घेऊन फट साफ करायची वर्षातून दोनदा: पाऊस संपल्यावर ऑक्टोबरमध्ये, चिखल पक्का होण्याआधी, आणि मेच्या आरंभी, सावरीचा कापूस संपत आला की. डिचोली-सांखळीकडच्या खनिज रस्त्यांवर रोज धावणाऱ्या टिपरला मात्र हे दर दोन महिन्यांनी लागतं. झाकण वर्षातून एकदा टेस्टरवर, दोन वर्षांनी नवंच. खालचा होस दाबून बघायचा, मऊ लागला तर आतली स्प्रिंग शाबूत आहे का ते इंजिन १८०० वर नेऊन पाहायचं. पाइप आत ओढला जात असेल तर बदलायचा.

साध्या पाण्यावर गाडी जितका काळ चालली तितका काळ लायनरना खड्डे पडत असणार, ते नव्या कूलंटने भरून येत नाहीत. म्हणून दर तेलबदलाला काढलेलं तेल बाटलीत रात्रभर उभं ठेवून तळाला पाणी बसतं का ते पाहायचं, आणि जमेल तेव्हा नमुना प्रयोगशाळेत देऊन सोडियम आणि ग्लायकोल तपासून घ्यायचं. पुढच्या ओव्हरहॉलला लायनर काढतील तेव्हा बाहेरचं अंग तारेच्या ब्रशने घासून उजेडात बघावं. खड्डे उथळ असले आणि कंपनीच्या पुस्तकात मुभा असली, तर लायनर ९० अंश फिरवून पुन्हा बसवता येतो, म्हणजे माराची बाजू नव्या धातूवर येते. खड्डे खोल असतील तर लायनर बदलायचा, आणि खालच्या ओ-रिंगा दोन्ही वेळी नव्याच.